फ्रेंच भाषकांना वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत

माझ्याकडे शिकणाऱ्या एका फ्रेंच इंजिनिअरने लंडनच्या सहकाऱ्यांना पाठवायची एक मेल आधी मला दाखवली. त्याला म्हणायचं होतं : ‘तुम्ही बैठकीला हजर राहावं ही विनंती. सध्या दोन आठवड्यांची मुदत आहे, वेळ पडली तर तीन.’ त्याने लिहिलं होतं : ‘आय डिमांड यू टू असिस्ट टू द मीटिंग. अ‍ॅक्चुअली द डिले इज टू वीक्स, इव्हेंच्युअली थ्री.’ लंडनमधल्या माणसाला त्यातून कळलं असतं ते असं : ‘बैठकीला मदत करा, अशी माझी मागणी आहे. खरं तर दोन आठवडे उशीर झालाय, शेवटी तीन होतील.’

तीन ओळींत पाच शब्द घसरले होते आणि पाचांच्या मागे फ्रेंच उभी होती. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे विचारणं, विनंती करणं. ‘आसिस्ते’ म्हणजे हजर राहणं. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे सध्या, ‘देले’ म्हणजे मुदत आणि ‘एव्हाँत्युएलमाँ’ म्हणजे कदाचित, वेळ पडल्यास. हाच माणूस इंग्रजी अग्रलेख न अडखळता वाचायचा, करारातली कलमं त्याला पहिल्या वाचनात समजायची.

पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकलेल्या बऱ्याच जणांना आता ऑनलाइन विद्यार्थी मिळतात, आणि त्यांतल्या अनेकांना फ्रेंच नको असते, इंग्रजी हवी असते. फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी घरांतही हा प्रश्न येतो : मूल फ्रेंच शाळेत शिकतं, इंग्रजी ठीकठाक येते, पण पुढच्या शिक्षणासाठी ती वरच्या पातळीवर न्यायची असते. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विद्यार्थी भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर (ए-1 ते सी-2 अशा सहा पातळ्या) साधारण बी-2 ला पोचलेला आहे आणि त्याला सी-1 च्या पुढे जायचं आहे, असं मी धरून चालले आहे.

सुरुवातीच्या वर्षभरात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आपल्याकडे ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ म्हटलं की लांबलचक, भारदस्त शब्दांच्या याद्या डोळ्यांसमोर येतात. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून आपण त्याच पाठ केलेल्या असतात. तशीच एक यादी मी एका विद्यार्थिनीपुढे ठेवली. ‘अबॉलिश’, ‘पर्स्पिकेशस’, ‘प्रॉबिटी’, ‘मॅग्नॅनिमस’. तिने ती पाच मिनिटांत वाचून परत केली. बहुतेक शब्द तिला फ्रेंचमधून आयते मिळत होते. पुढच्या तासाला मी सहज एक केकची कृती वाचायला दिली, आणि ती दुसऱ्या ओळीवर थांबली. ‘व्हिस्क’, ‘स्टर’, ‘सिमर’, ‘ड्रेन’, ‘स्क्रेप’, ‘स्प्रिंकल’ : यांतला एकही शब्द तिला येत नव्हता. आपल्याला जे अवघड वाटतं ते फ्रेंच माणसाच्या खिशात आधीच असतं, आणि आपण ज्याला शाळकरी इंग्रजी समजतो तिथे त्याचा पाय अडकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच अनुभवावरून आखल्या आहेत.

पायरी 1 : घरात काय आहे ते आधी मोजा

पहिले दोन तास नवा शब्द शिकवू नका. विद्यार्थ्याजवळ काय आहे हे त्याला दाखवून द्या. बहुतेकांना त्याची कल्पना नसते.

1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर बसला. दरबार, न्यायालय, चर्चचे वरचे अधिकारी, जमीनदार यांची भाषा फ्रेंच झाली आणि शेतात राबणाऱ्यांची जुनी इंग्रजी तशीच राहिली. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा व्हायला 1362 साल उजाडावं लागलं. या तीनशे वर्षांत आणि त्यानंतरही फ्रेंच शब्दांचा ओघ सुरूच राहिला. शब्दकोश मोजून केलेल्या अंदाजांनुसार इंग्रजीतले एक चतुर्थांशाहून जास्त शब्द फ्रेंचमधून आले आहेत, आणि जवळजवळ तेवढेच थेट लॅटिनमधून. फ्रेंच स्वतः लॅटिनची लेक असल्यामुळे तो दुसरा वाटाही विद्यार्थ्याला अर्धा ओळखीचा असतो.

हा इतिहास सांगून झाला की लगेच कामाला लावा. शेवटची अक्षरं बदलून शब्द कसे तयार होतात ते त्याच्याच हातून काढून घ्या. फ्रेंच ‘लिबेर्ते’चं इंग्रजीत ‘लिबर्टी’ होतं, तसं ‘-ते’ने संपणाऱ्या शेकडो नामांचं. ‘फिनीर’चं ‘फिनिश’, ‘प्युनीर’चं ‘पनिश’, ‘अबोलीर’चं ‘अबॉलिश’. ‘इझोले’चं ‘आयसोलेट’, ‘सेलेब्रे’चं ‘सेलिब्रेट’. ‘व्हिक्त्वार’चं ‘व्हिक्टरी’. एका कागदावर असे आठ-दहा साचे मांडा आणि प्रत्येकाखाली त्याला स्वतःला पंधरा-वीस शब्द आठवू द्या.

मग हरवलेल्या ‘एस’ची गोष्ट. फ्रेंचमध्ये काही स्वरांच्या डोक्यावर छोटी टोपी असते. अनेक शब्दांत त्या जागी पूर्वी ‘एस’ होता. उच्चारातून तो केव्हाच गेला होता, आणि 1740 च्या फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाने लेखनातूनही काढून टाकला. इंग्रजीने मात्र तो त्याआधीच उचलून जपून ठेवला होता. म्हणून ‘फोरे’ आणि ‘फॉरेस्ट’, ‘ओपिताल’ आणि ‘हॉस्पिटल’, ‘ताँपेत’ आणि ‘टेम्पेस्ट’, ‘ओनेत’ आणि ‘ऑनेस्ट’. शब्दाच्या सुरुवातीलाही तेच : ‘एकोल’ आणि ‘स्कूल’, ‘एपिस’ आणि ‘स्पाइस’, ‘एपाँज’ आणि ‘स्पंज’. आयुष्यभर लिहिलेल्या टोपीचा अर्थ प्रथमच कळतो तेव्हा विद्यार्थ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्या दिवसापासून तो स्वतःहून शब्द जुळवायला लागतो.

एक जोड आणखी द्या. नॉर्मंडीकडचे लोक जिथे ‘व’ म्हणत तिथे पॅरिसकडचे ‘ग’ म्हणत, आणि इंग्रजीने काही वेळा दोन्ही घेतले : ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’, ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’. फ्रेंच ‘गेर’ म्हणजे युद्ध, तेच इंग्रजीतलं ‘वॉर’.

आणि हो, विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुलांची (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक शब्दकुल) जी प्रसिद्ध ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ आहे, 2000 साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी केलेली, ती आपल्याकडच्या विद्यार्थ्याला अमोल आहे. फ्रेंच भाषकाला तिच्यावर महिने घालवायला लावू नका. तिच्यातले बहुतांश शब्द लॅटिन-ग्रीक मुळांचे आहेत, एका आठवड्यात चाळून होतात.

पायरी 2 : फसवे मित्र

फ्रेंच लोक यांना ‘फो-झामी’ म्हणतात, खोटे मित्र. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हिंदी भाषक ‘शिक्षा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात शाळा असते आणि आपल्या मनात छडी. तो ‘राग’ म्हणतो तेव्हा गाणं असतं आणि आपल्या कपाळावर आठी.

बाजारात या शब्दांच्या तीनशे-चारशेच्या याद्या मिळतात. त्या पाठ करायला देऊ नका. आधी फसव्या मित्रांची प्रतवारी करा. काही शब्द फसवतात पण धोका नसतो : ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, त्याऐवजी कोणी ‘लायब्ररी’ म्हटलं तर फार तर चुकीच्या इमारतीत जाल. खरा धोका अशा शब्दांचा, जे चुकीचे असूनही वाक्यात चपखल बसतात. ऐकणाऱ्याला संशयही येत नाही आणि अर्थ उलटा पोचतो. सुरुवातीची मेल तशी होती. ‘देसेप्सियाँ’ म्हणजे अपेक्षाभंग, पण इंग्रजीत ‘डिसेप्शन’ म्हणजे फसवणूक. ‘तुमच्या कामाने माझी निराशा झाली’ असं सांगायला गेलेला साहेब ‘तुम्ही फसवलंत’ असा आरोप करून बसतो. ‘प्रेताँद्र’ म्हणजे ठामपणे दावा करणं, ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग आणणं. ‘इन्योरे’ म्हणजे माहीत नसणं, ‘इग्नोर’ म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणं. ‘मला तुमचं पत्र आल्याचं माहीत नव्हतं’ आणि ‘मी तुमच्या पत्राकडे दुर्लक्ष केलं’ यांत नोकरी जाण्याइतकं अंतर आहे.

वरच्या पातळीवर स्वभाव सांगणारे शब्द विशेष सांभाळा, कारण ते शिफारसपत्रात आणि मुलाखतीत येतात. इंग्रजीत ‘व्हर्सटाइल’ म्हणजे अष्टपैलू, फ्रेंच ‘व्हेर्सातील’ म्हणजे धरसोड करणारा. इंग्रजी ‘इंजेन्युइटी’ म्हणजे कल्पकता, फ्रेंच ‘अँजेन्युइते’ म्हणजे भाबडेपणा. ‘सेन्सिबल’ माणूस समंजस, ‘साँसीब्ल’ माणूस हळवा. ‘फॅस्टिडियस’ म्हणजे बारीकसारीक गोष्टींत चोखंदळ, ‘फास्तिदियो’ म्हणजे कंटाळवाणं. आणि सगळ्यांत चमत्कारिक ‘इनहॅबिटेड’ : इंग्रजीत वस्ती असलेलं, फ्रेंच ‘इनाबिते’ म्हणजे निर्मनुष्य.

वहीत हे शब्द एकेकटे उतरवू देऊ नका. डाव्या पानावर विद्यार्थ्याने स्वतः, खरोखर लिहिलेलं किंवा बोललेलं वाक्य. उजव्या पानावर त्या वाक्यातून इंग्रजाला काय कळलं असतं ते, आणि खाली दुरुस्त वाक्य. एका माणसाला प्रत्यक्षात छळणारे फसवे मित्र तीस-चाळीसच असतात. तेवढे सुधारले की काम झालं.

याच वहीच्या मागच्या पानावर उलट्या दिशेचे शब्द घ्या, जे दिसायला इंग्रजी आहेत पण फ्रेंचांनी घरी घडवले. फ्रान्समध्ये ‘स्मोकिंग’ म्हणजे समारंभाचा कोट, ‘प्रेसिंग’ म्हणजे कपडे ड्रायक्लीन करणाऱ्याचं दुकान, ‘फूटिंग’ म्हणजे धावायला जाणं, ‘बास्केट’ म्हणजे बूट. हे शब्द इंग्रजीच आहेत याबद्दल विद्यार्थ्याला तिळमात्र शंका नसते, म्हणून ते तपासलेही जात नाहीत.

पायरी 3 : शब्दाचं वजन

अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, तरी वाक्य विचित्र वाटतं. फ्रेंच माणसाच्या इंग्रजीत हे सतत घडतं आणि का घडतं ते मराठी माणसाला झटकन कळतं.

‘जेवण झालं का?’ आणि ‘भोजन ग्रहण केलेत का?’ अर्थ एक, पण दुसरं वाक्य लग्नपत्रिकेतून उठून आल्यासारखं. आपल्याकडे जसे घरगुती शब्दाशेजारी तत्सम शब्द असतात, पाणी-जल, सुरुवात-प्रारंभ, तसेच इंग्रजीत जुन्या इंग्रजी शब्दाशेजारी फ्रेंच आणि त्याच्याही वर लॅटिन शब्द बसलेले आहेत. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’. ‘किंगली’, ‘रॉयल’, ‘रीगल’. ‘राइज’, ‘माउंट’, ‘असेंड’. पहिला अंगणातला, दुसरा दिवाणखान्यातला, तिसरा कचेरीतला.

फ्रेंच माणसाची अडचण अशी की त्याच्या भाषेत ‘कोमाँसे’ (सुरू होणं) हाच अंगणातला शब्द आहे. शेजारच्या मुलाशी बोलतानाही तो तेच म्हणतो. म्हणून तो बेधडक ‘द फिल्म कमेन्सेस’ म्हणतो, आणि मित्राला ‘कॅन यू असिस्ट मी?’ विचारतो. त्याला भारदस्त बोलायचं नसतं. तो आपल्या परीने साधंच बोलत असतो.

सराव असा द्या. त्याने लिहिलेला एक परिच्छेद घ्या आणि ज्या शब्दांचं फ्रेंच भावंडं त्याला लगेच आठवतं त्यांच्याखाली रेघ मारायला सांगा. दहा ओळींत पंधरा-सोळा रेघा येतात. मग त्यांतल्या निम्म्या शब्दांच्या जागी जुन्या इंग्रजी कुळातला शब्द शोधायला लावा. सगळे बदलायचे नाहीत. करारात ‘कमेन्स’ शोभतो. कुठे बदलायचा आणि कुठे ठेवायचा हे ठरवणं हाच या सरावाचा गाभा आहे. माझा अनुभव, महिनाभर आठवड्यातून एकदा हे केलं की विद्यार्थ्याचा कान जागा होतो.

पायरी 4 : छोटे शब्द

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. निम्मा वेळ इथेच गेला तरी हरकत नाही.

पहिला गट क्रियापद अधिक शेपूट असा. ‘टॉलरेट’ त्याला येतो, ‘पुट अप विथ’ येत नाही. ‘पोस्टपोन’ येतो, ‘पुट ऑफ’ येत नाही. ‘इन्व्हेस्टिगेट’ आणि ‘लुक इन्टू’, ‘रिफ्यूज’ आणि ‘टर्न डाउन’, ‘कंटिन्यू’ आणि ‘कॅरी ऑन’, ‘अबॉलिश’ आणि ‘डू अवे विथ’. इंग्रज माणूस जेवणाच्या टेबलावर जोडीतला दुसराच शब्द बोलतो. पुस्तकांत हे शब्द ‘गेट’खाली तीस, ‘पुट’खाली पंचवीस असे दिलेले असतात. तसे कोणालाच लक्षात राहत नाहीत, एकमेकांत गुंततात. विद्यार्थ्याच्या फ्रेंच शब्दाकडून निघा. त्याच्या वहीत डावीकडे ‘तोलेरे’, मधे ‘टॉलरेट’, उजवीकडे ‘पुट अप विथ’ असं असू द्या. ओळखीच्या शब्दाला धरून अनोळखी शब्द चालत येतो.

दुसरा गट हालचालीचा. फ्रेंचमध्ये ‘नदी ओलांडली, पोहत’ असं म्हणतात. ओलांडणं हे क्रियापद, पोहणं ही त्याची पद्धत. आपणही ‘पोहत नदी ओलांडली’, ‘लंगडत बाहेर आला’, ‘धावत खाली गेली’ असंच म्हणतो. इंग्रजी हे उलटं करते : पद्धत क्रियापदात घालते आणि दिशा शेपटाला देते. ‘स्वॅम अक्रॉस’, ‘लिम्प्ड आउट’, ‘रॅन डाउन’. त्यामुळे इंग्रजीला चालण्याच्या पद्धतींची क्रियापदं ढिगाने लागतात आणि कादंबरीच्या प्रत्येक पानावर ती भेटतात. ‘ट्रज’ म्हणजे थकून पाय ओढत जाणं, ‘स्ट्रोल’ म्हणजे रमतगमत, ‘स्टॅगर’ म्हणजे झोकांड्या खात, ‘वेड’ म्हणजे गुडघाभर पाण्यातून वाट काढत, ‘टिपटो’ म्हणजे चवड्यांवर, चाहूल न देता. फ्रेंच विद्यार्थी या सगळ्यांवर ‘वॉक’ आणि एखादं क्रियाविशेषण लावून वेळ मारून नेतो. इथे वर्गात उठून चालून दाखवणं हाच उत्तम उपाय आहे. व्हिडिओ कॉलवरसुद्धा मी खुर्चीतून उठते, खोलीत पाय ओढत एक फेरी मारते आणि शब्द विचारते. मग त्याची पाळी.

बघण्याचंही तसंच. फ्रेंचमध्ये ‘रगार्दे’ला एखादा वाक्प्रचार जोडून भागतं. इंग्रजीत प्रत्येक नजरेला वेगळा शब्द. ओझरतं पाहणं ‘ग्लान्स’, डोकावणं ‘पीक’, डोळे वटारणं ‘ग्लेअर’, रोखून पाहणं ‘स्टेअर’, डोळे बारीक करून न्याहाळणं ‘पिअर’, हरखून एकटक पाहणं ‘गेझ’.

तिसरा गट मला सर्वांत आवडतो, आणि इथे मराठी शिक्षकाला मोठा फायदा आहे. ‘ग्लिमर’, ‘ग्लिटर’, ‘ग्लीम’, ‘ग्लिंट’, ‘ग्लो’ : ‘ग्ल’ने सुरू होणारे हे सगळे उजेडाचे शब्द. फ्रेंचमध्ये ‘सँतिये’, ‘लुईर’ असे शब्द आहेत, पण रोजच्या बोलण्यात ‘ब्रिये’वर बहुतेक काम होतं. त्यामुळे विद्यार्थ्याला हे पाच शब्द एकाच अर्थाचे वाटतात. आपल्या कानाला मात्र मिणमिणणं, लुकलुकणं, झगमगणं, लखलखणं, चकाकणं यांतला फरक लहानपणापासून कळतो. कंदील मिणमिणतो, तारा लुकलुकतो, घासलेली तलवार लखलखते. यांची अदलाबदल कुणी केली तर मराठी कान लगेच दुखतो. तोच कान वापरा. ‘ग्लिमर’ म्हणजे अंधूक, थरथरता उजेड. ‘ग्लिटर’ म्हणजे अनेक ठिपक्यांनी झगमगणं. ‘ग्लिंट’ म्हणजे क्षणभर चमकून गेलेली एक कड. ‘ग्लो’ म्हणजे निखाऱ्यासारखा संथ, ज्वाळेविना उजेड. मी दिवाळीतल्या पणत्यांच्या रांगेचा फोटो, निखाऱ्यांचा फोटो, रात्री समुद्रात दूरवर दिसणाऱ्या होडीच्या दिव्याचा फोटो दाखवते आणि कुठे काय बसेल ते विचारते. व्याख्या वाचून हे साधत नाही.

चौथा गट स्वयंपाकघराचा, आणि त्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे ती दरवेळी चालली. एक साधी इंग्रजी कृती घ्या, आठ-दहा ओळींची. विद्यार्थ्याला लॅपटॉप ओट्यावर ठेवून खरोखर ते करायला सांगा. टोमॅटोचं सूप पुरेसं आहे. तो कांदा सोलतो तेव्हा ‘पील’, बारीक चिरतो तेव्हा ‘चॉप’, परततो, ढवळतो तेव्हा ‘स्टर’. उकळी फुटली की ‘बॉइल’ आणि आच कमी करून हलके बुडबुडे येत राहिले की ‘सिमर’. या दोन शब्दांतला फरक त्या भांड्याकडे बघताना जो ठसतो तो पुन्हा पुसला जात नाही. मग गाळणं, निथळणं, फेटणं, वरून भुरभुरणं, तळाला लागलेलं खरवडणं. प्रत्येक कृती करताना त्याने ती मोठ्याने बोलायची. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीने एका संध्याकाळी असं सूप केलं आणि बावीस क्रियापदं कमावली. दोन महिन्यांनी विचारली तेव्हा वीस आठवत होती.

याच चालीवर घराची दुरुस्ती, बागकाम, लहान मुलांच्या गोष्टी घ्या. मुलांच्या गोष्टी मोठ्या माणसाला सुचवायला संकोच वाटतो, पण वाटू देऊ नका. करारनामे वाचणाऱ्या वकिलाला इंग्रजीतली परीकथा खरंच अवघड जाते, आणि ती वाचताना तो मनापासून रमतो.

पायरी 5 : शब्दाची संगत

ही पायरी थोडक्यात. फ्रेंच शब्द ओळखीचा निघाला तरी त्याच्या मागून येणारं शब्दयोगी अव्यय बदलतं. फ्रेंचच्या सवयीने विद्यार्थी ‘डिपेंड ऑफ’ म्हणतो, ‘पार्टिसिपेट टू’ म्हणतो, ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. म्हणून कोणताही शब्द वहीत एकटा लिहायचा नाही, ‘डिपेंड ऑन’ असा जोडीनेच. दुसरं, अनेकवचन : ‘इन्फर्मेशन्स’, ‘अ‍ॅडव्हायसेस’, ‘फर्निचर्स’. फ्रेंचमध्ये यांची अनेकवचनं रूढ आहेत. आपण ‘माहित्या’ म्हणत नाही, इंग्रजीतही चालत नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं. तिसरं, स्पेलिंग. ‘डेव्हलपमेंट’मध्ये फ्रेंचला दोन ‘पी’ लागतात, इंग्रजीला एक. ‘अ‍ॅड्रेस’मध्ये उलट, फ्रेंचला एक ‘डी’, इंग्रजीला दोन. अशा जुळ्या शब्दांतले वीसेक फरक एका चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवून ठेवायला सांगा.

पायरी 6 : आघात

शब्द वाचताना कळतो, लिहिता येतो, पण ऐकताना निसटतो. याचं मूळ बहुतेक वेळा आघातात असतं. फ्रेंचमध्ये जोर शब्दसमूहाच्या शेवटाकडे पडतो. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा जोर ठरलेला असतो आणि उरलेली अक्षरं गिळली जातात. ‘कम्फर्टेबल’चा जोर पहिल्या अक्षरावर, आणि ऐकू येतं ते जेमतेम ‘कम्फ्टबल’. फ्रेंच माणूस ‘कोंफोर्ताब्ल’च्या आठवणीने ‘टेबल’वर जोर देतो, आणि लंडनच्या दुकानात त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शब्द बदलला की जोरही सरकतो : ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्रफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर.

इथे मराठी शिक्षकाने स्वतःकडेही बघावं. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपले इंग्रजी आघातही अनेकदा सपाट असतात. मी प्रत्येक नवा शब्द शब्दकोशातल्या ध्वनिमुद्रणावर ऐकल्याशिवाय शिकवत नाही. विद्यार्थ्याच्या वहीत जोराच्या अक्षरावर लाल टिंब असतं, आणि शब्द म्हणताना त्या अक्षरावर टाळी.

पायरी 7 : रोजचा रतीब

किती शब्द लागतात, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेला हिशोब सांगा : इंग्रजी पुस्तक किंवा वर्तमानपत्रातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात. ऐकण्यासाठी सहा ते सात हजार. आकडा ऐकून विद्यार्थी दचकतो. त्याला पहिल्या पायरीचा कागद पुन्हा दाखवा. त्यातला मोठा हिस्सा त्याच्या मालकीचा झालेला असतो.

नवे शब्द दिवसाला पाच. त्यांतले किमान तीन छोटे, जुन्या इंग्रजी कुळातले. ‘ऑक्सफर्ड 5000’ ही यादी घ्या, तिच्यात शब्दांपुढे पातळी दिलेली असते. बी-2 आणि सी-1 चे शब्द काढा आणि फ्रेंच भावंडं असलेले सगळे खोडून टाका. उरलेली यादी तुमची. ती बरीच आखूड होते आणि विद्यार्थ्याला नेमकी तीच हवी असते.

उजळणीची वेळ ठरवून घ्या. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. ‘आंकी’सारखं अ‍ॅप हे आपोआप करतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला फ्रेंच शब्द लिहू देऊ नका, नाहीतर मन पुन्हा त्या फसव्या मित्राकडे वळतं. गाळलेली जागा असलेलं इंग्रजी वाक्य किंवा चित्र असू द्या. हाताने बनवलेलं कार्ड तयार संचापेक्षा जास्त टिकतं, हे मी वारंवार पाहिलं आहे.

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजीच वापरायला लावा. फ्रेंच-इंग्रजी कोश फक्त खात्री करण्यासाठी, शेवटी. कारण द्विभाषिक कोशात ‘पुट अप विथ’समोर ‘सुपोर्ते’ दिसतो, विद्यार्थी ‘सपोर्ट’शी जोडतो, आणि ‘आय कान्ट सपोर्ट माय बॉस’ असं वाक्य तयार होतं. ‘साहेब मला सहन होत नाही’ म्हणायचं होतं, आणि इंग्रजाने ऐकलं की साहेबाच्या निर्णयाला याचा पाठिंबा नाही.

वाचनात दोन पानं भारदस्त, दोन पानं घरगुती, असं प्रमाण ठेवा. पहिलं तो आपणहून वाचतोच. दुसरं तुम्ही निवडून द्या : कृती, गुन्हेकथा, क्रिकेट किंवा फुटबॉलच्या सामन्याचं वर्णन, शेजारपाजारच्या भांडणाची गोष्ट.

तीन महिन्यांनी चाचणी घ्या. लेखी परीक्षा नको. त्याच्या घरातल्या एखाद्या सकाळचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, आवाज बंद ठेवून. मग तो लावून चालू चित्रावर त्याने इंग्रजीत सलग बोलायचं : कोण डोळे चोळत उठलं, कुणी दूध सांडलं, कुणी बुटाची नाडी ओढून बांधली, कोण धडपडत दाराबाहेर गेलं. हे बोलणं ध्वनिमुद्रित करा, तारीख टाका आणि जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच व्हिडिओवर पुन्हा बोलायला लावा, आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं त्याला एकापाठोपाठ ऐकवा.